साक्षीतील विसंगती : न्यायालयीन रहस्यखेळाचे वाचन

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यावर रहस्यकथेत वाचकाचा सहभाग कोणत्या प्रकारचा असतो, हे तुम्हाला सांगता यावे. एका जपानी संगणकीय खेळाकडे कथनात्म संहिता म्हणून पाहता यावे. भाषांतर करताना नावे, पदार्थ आणि कायदा यांची जी ओढाताण होते, ती उदाहरणांसह दाखवता यावी. तसेच मराठीतील न्यायालयीन नाट्याशी या खेळाची तुलना करून स्वतःचे मत मांडता यावे, अशी अपेक्षा आहे.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी रहस्यकथेचा परिचय आपल्याला आहेच. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड तुमच्यापैकी अनेकांच्या घरातील मागच्या पिढीने भाड्याच्या वाचनालयांतून आणून वाचले असतील. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास त्यानंतरच्या पिढीला ठाऊक आहे. अर्नाळकरांच्या नायकाचे क्षेत्र रस्ता, बंदर आणि अंधारी गल्ली हे आहे, तर अमर विश्वासचे खरे क्षेत्र न्यायालय आहे. हा फरक वरवरचा नाही. पाठलागाने उलगडणारे रहस्य आणि प्रश्नोत्तरांनी उलगडणारे रहस्य यांची घडण मुळातच वेगळी असते. पहिल्यात गती महत्त्वाची असते, दुसऱ्यात वाक्य.

वाक्यावर उभ्या राहिलेल्या या दुसऱ्या प्रकाराचे एक अतिशय शुद्ध रूप पुस्तकात नव्हे, तर हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर निर्माण झाले. जपानमधील कॅपकॉम या कंपनीने ऑक्टोबर २००१मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय अॅडव्हान्स या यंत्रासाठी 'ग्याकुतेन साइबान' हा खेळ प्रसिद्ध केला. 'साइबान' म्हणजे न्यायालयातील खटला आणि 'ग्याकुतेन' म्हणजे पारडे एकाएकी फिरणे. त्याचे लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचे होते आणि तो अवघ्या सात जणांच्या चमूने घडवला. पुढे २००५मध्ये दोन पडद्यांच्या निन्टेन्डो डीएस या यंत्रासाठी त्याची नवी आवृत्ती निघाली आणि त्याच वेळी तो इंग्रजीत 'फिनिक्स राइट : एस अटर्नी' या नावाने आला. २०१९पासून या मालिकेतील पहिले तीन खेळ एकत्रितपणे संगणकावरही उपलब्ध आहेत. हा घटक समजण्यासाठी खेळ विकत घेण्याची किंवा खेळलेला असण्याची आवश्यकता नाही. विवेचनाला लागणारा सर्व तपशील येथे दिला आहे. मात्र त्यासाठी पहिल्या प्रकरणाचा उलगडा सांगणे भाग आहे, याची नोंद घ्यावी.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात खेळाला जागा कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो योग्यच आहे. या खेळात धावणे, उडी मारणे, गोळी झाडणे यांपैकी काहीही नाही. खेळाडू सुरुवातीपासून शेवटपर्यंत केवळ वाचतो. वाचलेल्या वाक्यांपैकी कोणते वाक्य खोटे आहे, हे ओळखणे एवढेच त्याचे काम असते. बारकाईच्या वाचनावर जय-पराजय ठरवणारी संहिता साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी असे काही कारण नाही.

५.३ खेळाची रचना

नायक फिनिक्स राइट हा नवखा फौजदारी वकील. मूळ जपानीत त्याचे नाव नारुहोदो र्‍यूइची असे आहे. प्रत्येक प्रकरणात त्याच्या अशिलावर खुनाचा आरोप असतो आणि परिस्थिती पूर्णपणे अशिलाच्या विरोधात असते. पहिले प्रकरण वगळता प्रत्येक प्रकरणाचे दोन भाग पडतात. तपासाच्या भागात खेळाडू घटनास्थळे पाहतो, माणसांशी बोलतो आणि पुरावे गोळा करतो. ते पुरावे एका नोंदवहीत जमा होतात. दुसरा भाग न्यायालयाचा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग हाच आहे.

साक्षीदार प्रथम आपली साक्ष सलगपणे सांगतो. त्यानंतर तीच साक्ष एकेका विधानात तोडून खेळाडूपुढे येते आणि उलटतपासणी सुरू होते. प्रत्येक विधानापाशी खेळाडूला दोन गोष्टी करता येतात. त्या विधानावर साक्षीदाराला खोदून विचारता येते किंवा नोंदवहीतील एखादा पुरावा त्या विधानासमोर ठेवता येतो. खोदून विचारण्याला सहसा दंड नाही. पुरावा चुकीच्या ठिकाणी ठेवला, तर मात्र न्यायाधीश नाराज होतात आणि खेळाडूला दिलेल्या पाच खुणांपैकी एक कमी होते. पाचही संपल्या की अशील दोषी ठरतो. विसंगती सापडेपर्यंत साक्ष पुन्हा पुन्हा पहिल्या विधानापासून फिरत राहते.

या फिरण्याकडे लक्ष द्या. कादंबरी वाचताना आपण मागची पाने उलटतो ती इच्छा झाली तर. येथे पुनर्वाचन हाच कथेला पुढे नेणारा एकमेव मार्ग आहे. तिसऱ्यांदा तीच पाच वाक्ये वाचताना वाचकाची नजर बदलते. पहिल्या वाचनात तो काय घडले हे वाचतो, तिसऱ्या वाचनात ते कसे सांगितले आहे हे वाचू लागतो. 'मी पाहिले' आणि 'मला दिसले असावे' यांतील अंतर त्याला जाणवू लागते. साहित्याच्या वर्गात जे शिकवायला वर्ष जाते, ते हा खेळ दंडाच्या भीतीने तासाभरात शिकवतो, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भारतीय न्यायदर्शनात शब्द हे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे, परंतु तो शब्द आप्ताचा, म्हणजे यथार्थ जाणणाऱ्या आणि यथार्थ सांगणाऱ्या माणसाचा असावा लागतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणारा प्रत्येक जण आपण आप्त असल्याचा दावा करत असतो. उलटतपासणी म्हणजे त्या दाव्याची परीक्षा. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यातही कलम १४५ने साक्षीदाराला त्याच्याच पूर्वीच्या लेखी जबाबाशी सामोरे आणण्याची तरतूद केली होती. विधानासमोर विधान ठेवणे ही कल्पना खेळाने शोधलेली नाही. खेळाने ती वाचकाच्या हाती दिली एवढेच.

५.४ एका साक्षीचे वाचन

पहिल्या प्रकरणात आरोपी आहे लॅरी बट्झ, नायकाचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या प्रेयसीचा, सिंडी स्टोन हिचा, तिच्याच घरात डोक्यावर जड वस्तू मारून खून झाला आहे. वस्तू म्हणजे 'विचारमग्न पुरुष' या प्रसिद्ध शिल्पाची छोटी प्रतिकृती. सरकारपक्षाचा साक्षीदार फ्रँक साविट हा घरोघरी वृत्तपत्राची वर्गणी गोळा करणारा विक्रेता आहे. प्रकरण उघडते तेच मुळी खरा गुन्हेगार दाखवून. घाबरलेला खुनी आपला गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारायचे ठरवताना आपल्याला दिसतो. म्हणजे 'कोणी केले' हा प्रश्न येथे शिल्लकच ठेवलेला नाही. आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात गुन्हेगार आधी दाखवून तपास नंतर सांगण्याची जी उलटी पद्धत आणली, तिचेच हे रूप आहे. वाचकापुढील प्रश्न एकच उरतो: हा माणूस खोटे बोलतो आहे, हे सिद्ध कसे करायचे?

साविटची साक्ष साधारण अशी आहे. तो त्या इमारतीत विक्रीसाठी गेला होता. एका घरातून एक तरुण घाईने बाहेर पडला, दार अर्धवट उघडे राहिले. साविटने डोकावले, तर बाई निपचित पडलेली. त्याने घाबरून आत पाऊल टाकले नाही. पोलिसांना कळवायला गेला, पण तेथील दूरध्वनी चालेना म्हणून त्याने बागेजवळच्या सार्वजनिक दूरध्वनीवरून कळवले. ती वेळ दुपारी एकची होती, हे त्याला पक्के आठवते.

येथे थोडे थांबा. नोंदवहीतील शवविच्छेदन अहवालानुसार मृत्यू दुपारी चार ते पाचच्या दरम्यान झाला आहे. कोणत्या विधानासमोर हा अहवाल ठेवाल? उत्तर उघड आहे. एक वाजता प्रेत सापडले असेल, तर बाई चार वाजता मरण पावली कशी?

पहिली विसंगती इतकी सोपी का ठेवली आहे, हे लक्षात घ्यावे. तिचा हेतू वाचकाला पद्धत शिकवणे हा आहे. खरी गंमत पुढे आहे. खोटे पकडले गेले की साक्षीदार गप्प बसत नाही, तो खोट्याला ठिगळ लावतो. साविट म्हणतो, वेळ मी पाहिली नव्हती, ऐकली होती. आतील दूरदर्शन संचावर वेळ सांगितली जात होती. कदाचित ध्वनिचित्रफीत लावलेली असेल, म्हणून तीन तासांची चूक झाली. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. परंतु त्या दिवशी दुपारी इमारतीतील वीज गेलेली होती आणि त्याचीही नोंद आपल्यापाशी आहे. घरातील दूरध्वनी चालत नव्हता तो त्यामुळेच. साविटच्या पहिल्या साक्षीतील एक निरुपद्रवी तपशील त्याच्या दुसऱ्या साक्षीवर उलटतो. लेखकाने पेरलेले बी येथे उगवते.

मग तिसरी साक्ष. साविट म्हणतो, ऐकली नाही, पाहिली, टेबलावरच्या घड्याळात. ज्या घड्याळाने खून झाला, त्यातच. पण न्यायालयाच्या नोंदीत असे घड्याळ नाहीच. आहे ते शिल्प. त्या शिल्पाच्या पोटात घड्याळ आहे, ही गोष्ट खरी, परंतु ते दिसत नाही. पुतळ्याची मान कलवली की ते वेळ बोलून सांगते. आत पाऊल न टाकलेल्या माणसाला हे कळले कसे? याचे उत्तर एकच संभवते. त्याने तो पुतळा हातात धरला, उगारला, आणि त्या झटक्याने घड्याळ बोलले. त्याने ऐकलेली वेळ होती एक वाजल्याची.

तीन साक्षींतील क्रियापदे पाहा. प्रथम वेळ 'आठवते', मग 'ऐकली', मग 'पाहिली'. खरे म्हणजे त्याने ती ऐकलीच होती. दुसऱ्या साक्षीत चुकून निसटलेले क्रियापद खरे होते, केवळ आवाजाचा उगम खोटा होता. खोटे बोलणाऱ्याची भाषा पूर्णपणे काल्पनिक नसते. ती खऱ्या अनुभवाच्या तुकड्यांनीच बनलेली असते आणि म्हणूनच फसते. शू ताकुमी यांनी आपल्यावर एदोगावा राम्पो या जपानी रहस्यकथाकाराच्या कथांचा प्रभाव असल्याचे सांगितले आहे. गुन्हेगाराच्या स्वतःच्या बोलण्यातील विसंगतीनेच त्याला पकडणे, हे त्या परंपरेचे देणे होय.

तरीही एक दुवा राहतो. घड्याळ त्या दिवशी तीन तास मागे होते, हे कशावरून? येथे उपयोगी पडतो तो मृत स्त्रीचा पासपोर्ट. खुनाच्या आदल्याच दिवशी ती पॅरिसहून परतली होती. इंग्रजी आवृत्तीतील घटना लॉस एंजेलिसला घडतात. तेथे दुपारचे चार वाजतात, तेव्हा पॅरिसला दुसऱ्या दिवसाचा पहाटेचा एक वाजलेला असतो. घड्याळ तीन तास मागे नव्हते, ते नऊ तास पुढे होते. प्रवासात लावलेली वेळ परतल्यावर बदलायची राहून गेली होती. बारा तासांच्या तबकडीची सवय असलेल्या आपल्या मनाला 'मागे' असे वाटले ते प्रत्यक्षात 'पुढे' होते. हा उलगडा मला या खेळातील अनेक गुंतागुंतीच्या प्रकरणांपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात एकही नवी वस्तू आणावी लागत नाही. सर्व काही आधीपासून वाचकासमोर होते.

५.५ वाचकाचे स्वातंत्र्य किती?

फ्रेंच समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६मध्ये रहस्यकथेत दोन कथा असतात असे मांडले: एक गुन्ह्याची, जी संपून गेलेली आहे, आणि दुसरी तपासाची, जी आपण वाचत आहोत. दुसरी कथा पहिलीपर्यंत पोहोचली की पुस्तक संपते. नेहमीच्या कथेत हे पोहोचण्याचे काम गुप्तहेर करतो आणि वाचक त्याच्या मागून चालतो. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या लेखकद्वयाने १९२९पासूनच्या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत उलगड्यापूर्वी वाचकाला जाहीर आव्हान दिले: आता सर्व दुवे तुमच्याजवळ आहेत, उत्तर शोधा. पण ते आव्हान स्वीकारले नाही तरी पान उलटता येत असे. खेळ पान उलटू देत नाही. वाचकाला संहितेतून वाट काढण्यासाठी खरोखरीचे कष्ट करावे लागतात, अशा साहित्याचा विचार एस्पेन आर्सेथ यांनी १९९७च्या 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात केला आहे. आपल्यापुढील खेळ त्या विचारात बरोबर बसतो.

मात्र सहभागाच्या या गौरवाने हुरळून जाऊ नये. खेळाडू कथा बदलू शकत नाही. खुनी तोच राहतो, उलगडाही तोच. खेळाडूला चुकण्याचे स्वातंत्र्य आहे, वेगळे बरोबर असण्याचे नाही. अनेकदा असे होते की सत्य तुम्हाला दोन साक्षी आधीच कळलेले असते, पण यंत्र ते ऐकून घेत नाही. लेखकाने ठरवलेल्या विधानासमोर, लेखकाने ठरवलेला पुरावा, लेखकाने ठरवलेल्या क्षणीच ठेवावा लागतो. योग्य पुरावा शेजारच्या विधानासमोर ठेवला तरी दंड होतो. अशा वेळी तुम्ही साक्षीदाराचे मन ओळखायचे सोडून लेखकाचे मन ओळखू लागता. ही या प्रकाराची खरी मर्यादा आहे आणि मालिकेतील पुढच्या खेळांतही ती पूर्णपणे दूर झालेली नाही. परीक्षेत 'खेळात वाचक लेखक होतो' अशा आशयाचे वाक्य लिहिण्याचा मोह होईल. पुराव्याशिवाय ते लिहू नका.

५.६ भाषांतर : नावे, पदार्थ आणि कायदा

मूळ खेळाची भूमी जपान आहे. इंग्रजी भाषांतरकार अलेक्झांडर ओ. स्मिथ यांच्यापुढे मोठा पेच होता, कारण या खेळातील बहुतेक नावे बोलकी आहेत. 'नारुहोदो' हे आडनाव म्हणजे जपानीत समोरच्याचे म्हणणे पटल्यावर उच्चारला जाणारा उद्गार, आपल्या 'अस्सं होय!'सारखा. लॅरी बट्झचे मूळ आडनाव 'याहारी', म्हणजे 'अपेक्षेप्रमाणेच'. संकटामागे हटकून हाच असतो, असा त्यातील विनोद. साविटचे मूळ नाव उच्चारताना जपानी पोलिसांच्या बोलीतील 'प्रकरणाचा गुन्हेगार' असा अर्थ निघतो. स्मिथ यांनी त्याचे आडनाव असे घडवले की ते इंग्रजीत 'पाहिले ते' असे ऐकू यावे. अर्थ बदलला, पण नावाने बोलणे सुटले नाही.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी नाही. देवलांच्या 'संगीत शारदा'तील भुजंगनाथ आपल्या नावानिशीच रंगभूमीवर येतो. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधील तळीराम तर विशेषनामाचा सामान्यनाम होऊन भाषेत राहिला. बोलके नाव सूक्ष्म व्यक्तिचित्रणाला मारक ठरते, असे आपण एरवी म्हणतो. पण जेथे पात्र ही प्रथम एक भूमिका असते, तेथे ते उपकारक असते. प्रहसन आणि हा खेळ दोन्ही त्याच जातीचे आहेत.

घटनास्थळही इंग्रजीत लॉस एंजेलिसला नेले गेले. नायकाच्या सहकारी तरुणीची आवडती रामेन, म्हणजे रश्श्यातील शेवया, जाऊन तेथे बर्गर आला. इतके साधले, परंतु कायदा मात्र हलला नाही. चौथ्या प्रकरणात पंधरा वर्षांपूर्वीच्या एका खुनाची कायदेशीर मुदत संपायला आली आहे आणि त्या घटिकेच्या आत सत्य बाहेर काढायचे आहे. सगळा ताण या मुदतीवर आहे. मूळ खेळ आला तेव्हा जपानमध्ये खुनाच्या खटल्यासाठी अशी पंधरा वर्षांची मुदत होती. २००४च्या दुरुस्तीने ती पंचवीस वर्षे झाली आणि २०१०मध्ये खुनापुरती ती रद्दच करण्यात आली. कॅलिफोर्नियात खुनाच्या खटल्याला मुदत नसते. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये घडणारी ही कथा जपानी कायद्यावर श्वास घेते. बहुतेक खेळाडूंना हे खटकत नाही, कारण कथेचा कायदा कथेनेच घालून दिलेला असतो. अनुवादकाला मात्र हे खटकले पाहिजे. पदार्थ बदलता येतो, पण कथानकाचा कणा असलेली संस्था बदलता येत नाही, हे अनुवादाच्या अभ्यासात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कृती : नायकाचा प्रसिद्ध उद्गार जपानीत 'इगिआरी!' आणि इंग्रजीत 'ऑब्जेक्शन!' असा आहे. मराठीत तुम्ही काय लिहाल? 'हरकत आहे!', 'आक्षेप!', की हिंदी चित्रपटांतून आपल्या कानांवर पडलेले 'ऑब्जेक्शन, मिलॉर्ड!'? पहिला शब्द जिल्हा न्यायालयाच्या कामकाजातला, दुसरा ग्रंथातला, तिसरा पडद्यावरचा आहे. उद्गार एका दमात ओरडता आला पाहिजे, ही अट विसरू नका. डीएस आवृत्तीत तो यंत्राच्या ध्वनिग्राहकात खरोखरच ओरडता येतो.

५.७ दोषी ठरवण्याची घाई

या खेळातील न्यायव्यवस्था विक्षिप्त आहे. खटल्याला जास्तीत जास्त तीन दिवस. ज्युरी नाही. आरोपी जवळपास दोषीच धरलेला. बचावपक्षाने वाजवी संशय निर्माण करून भागत नाही. खरा खुनी उभा करून दाखवावा लागतो. आपल्या कायद्यात आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर असतो. येथे तो व्यवहारतः बचावपक्षावर येऊन पडतो. हे सर्व विनोदी अतिशयोक्तीने रंगवलेले आहे. पण विनोदाखाली एक वस्तुस्थिती आहे. जपानमध्ये फौजदारी खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक राहिलेले आहे. हा आकडा वाचताना सावध असावे. तेथील सरकारी अभियोक्ते कच्ची प्रकरणे न्यायालयात नेतच नाहीत, हेही त्यामागचे एक कारण आहे. तरीसुद्धा ज्याच्यावर खटला भरला गेला, त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर तो आकडा भिंतीसारखा दिसतो. फिनिक्स राइट त्याच भिंतीला धडका देतो.

जपानमध्ये १९२८ ते १९४३ या काळात ज्युरीची पद्धत होती. त्यानंतर २००९पर्यंत सामान्य नागरिकाला फौजदारी निवाड्यात स्थान नव्हते. त्या वर्षी गंभीर खटल्यांसाठी तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक अशी नवी रचना आली. तिचा कायदा २००४मध्ये झाला होता. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मालिकेतील चौथ्या खेळात शेवटच्या खटल्याचा निकाल नागरिकांच्या हाती सोपवला आहे, हा योगायोग नव्हे. (भारतात वारा उलटा वाहिला. मुंबईतील १९५९च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरीला जागाच ठेवली नाही.)

आता विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवा. १९६७मध्ये 'रंगायन'ने रंगमंचावर आणलेल्या या नाटकात एक हौशी मंडळ वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडते. आरोपी म्हणून लीला बेणारेची गंमतीने निवड होते. हळूहळू खेळ उरत नाही. काशीकर आणि सुखात्मे यांच्या हातांत तो शिकारीचे साधन बनतो. साक्षी ऐकीव आहेत, काही तर तिथल्या तिथे रचलेल्या आहेत. बाहेरगावचा भाबडा सामंत तर पुस्तकातला प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्यासारखा सांगतो. फिनिक्स राइटच्या न्यायालयात या साक्षी दोन मिनिटे टिकल्या नसत्या. पण बेणारेच्या बाजूने उलटतपासणी करणारे कोणीच नाही, कारण तेथे बचावपक्षाचा वकीलही तोच सुखात्मे आहे. ती बोलते ते शेवटी, आणि तेही इतरांना ऐकू जाते की नाही याची शंका राहते.

दोन संहितांतील हा विरोध केवळ माध्यमाचा नाही. जपानी खेळात न्यायालयाचा खेळ होतो आणि त्यातून सत्य बाहेर येते. मराठी नाटकात खेळाचे न्यायालय होते आणि सत्याचाच दंड म्हणून वापर केला जातो. खेळाची मूळ श्रद्धा अशी की विसंगती दाखवली की असत्य कोसळते. तेंडुलकरांचा अनुभव असा की विसंगती सर्वांना दिसत असूनही कोणाचे काही बिघडत नाही, कारण निकाल आधीच ठरलेला असतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट तिसरीच बाजू दाखवतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. आरोपातील विसंगती पहिल्या सुनावणीतच डोळ्यांवर येते. तरीही कथेत तारखा पडत राहतात. तीन दिवसांच्या खटल्याची मुदत तेथे स्वप्नवत वाटावी.

मग खेळाची श्रद्धा भाबडी म्हणायची का? माझ्या मते तसे घाईने म्हणू नये. न्यायाधीश शंका घेतात, सरकारी वकील उपहास करतो, आरोपी स्वतःही खचून जातो. अशा वेळी एका माणसाने आरोपीवर विश्वास ठेवून त्याच्या बाजूची वाक्ये शेवटपर्यंत वाचणे, ही खेळातील सर्वांत महत्त्वाची कृती आहे. बेणारेला हेच मिळाले नाही. तेंडुलकरांच्या नाटकात जी जागा रिकामी आहे, तिथे हा खेळ वाचकाला उभा करतो. त्या जागेवर उभे राहून पुन्हा ते नाटक वाचले, तर सामंताच्या साक्षीपाशी तुमचा हात नकळत वर जाईल.

५.८ स्वाध्याय

अ) फ्रँक साविटच्या तीन साक्षींतील विसंगती आणि त्या उघड करणारे पुरावे यांचा क्रम तुमच्या शब्दांत मांडा. वीज गेल्याची नोंद पहिल्याच साक्षीत वापरता आली असती का? कारण द्या.

आ) 'खेळाडूला चुकण्याचे स्वातंत्र्य आहे, वेगळे बरोबर असण्याचे नाही' या विधानाची चर्चा करा. त्यासाठी तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी रहस्यकथेचाही आधार घ्या.

इ) चौथ्या प्रकरणातील पंधरा वर्षांची मुदत मराठी रूपांतरात कशी हाताळाल? घटना महाराष्ट्रात आणायच्या की जपानमध्येच ठेवायच्या, हे प्रथम ठरवा आणि त्या निर्णयाचे परिणाम लिहा.

ई) प्रात्यक्षिक : 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील सामंताची साक्ष काढा. ती पाच ते सात स्वतंत्र विधानांत तोडून लिहा. प्रत्येक विधानाखाली बेणारेची वकील म्हणून तुम्ही कोणता एक प्रश्न विचाराल, तो लिहा. नाटकात आधीच आलेला कोणता तपशील पुरावा म्हणून कोणत्या विधानासमोर ठेवाल, तेही नोंदवा. संपर्कसत्राला येताना ही वही बरोबर आणावी. एकाने सामंत व्हावे आणि बाकीच्यांनी एकेका विधानापाशी त्याला अडवून पाहावे.